पुसल्यावर तासाभरात पुन्हा धूळ: सोलापूरच्या घरांतील फरशीची निगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात दोन वर्षांपूर्वी बांधलेल्या घरात आतल्या खोल्यांना चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, तर पुढच्या व्हरांड्यात आणि मागच्या अंगाला शहाबादी फरशी आहे. रोज सकाळी केर काढून फिनेल घातलेल्या पाण्याने फरशी पुसली जाते. तरीही तासाभरात तळपायाला धूळ जाणवते, टाइल्सवर पावलांचे ठसे उमटतात आणि शहाबादीवर पांढुरकी छटा राहते. घरात रांगते बाळ आहे, यजमानांना धुळीची अ‍ॅलर्जी आहे, नळाचे पाणी काही दिवसांआड येते आणि बाकीची गरज बोअरवर भागते. अशा परिस्थितीत बाजारातील कोणते लिक्विड वापरावे, असे विचारले आहे.

इमारतींच्या साफसफाईची आणि दगडी फरशीच्या पॉलिशची कामे मी या शहरात अनेक वर्षे करून घेत आले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगते की लिक्विड बदलून हा प्रश्न सुटणार नाही; आहे तेच लिक्विड कमी केल्याने मात्र तो बराचसा सुटेल. तुमच्या वर्णनात खरे तर तीन वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत. काही धूळ बाहेरून नव्याने येते, काही धूळ घराबाहेर गेलेलीच नसते, आणि ठसे व पांढुरकेपणा यांचा तर धुळीपेक्षा पुसण्याच्या पाण्याशीच अधिक संबंध असतो.

आधी बाहेरच्या धुळीविषयी. सोलापूर पर्जन्यछायेच्या कोरड्या पट्ट्यात आहे आणि शहराभोवतीची जमीन मुख्यत्वे काळी आहे. ही माती पावसाळ्यात फुगून चपलेला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा तिचा वरचा थर पिठासारखा मोकळा होतो. तिच्यातील चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे खिडकीची जाळी या धुळीला का अडवू शकत नाही ते कळेल. जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता या भागांत मोकळे प्लॉट आणि चालू बांधकामे शेजारी शेजारी असल्याने मातीत क्रश सँडची, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूची, भर पडते. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसी परिसरात किंवा पूर्व भागातील पेठांमध्ये, जिथे चादरी आणि टॉवेलांचे माग जवळ आहेत, तिथल्या घरांत सुताची लवही पुष्कळ असते. ही लव मातीच्या कणांना गुंतवून घेते आणि पलंगाखाली तिच्या गुंडाळ्या होतात. त्या दिसायला वाईट असल्या तरी उचलायला सोप्या असतात. खरा त्रास न दिसणाऱ्या कणांचा असतो.

ही धूळ घरात येण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे चपला, आणि तो बंद करणे स्वस्तही आहे. चपलांचा स्टँड दाराच्या आत असेल तर तो व्हरांड्यात हलवावा. दाराबाहेर काथ्याचे जाड आणि शक्य तितके लांब पायपुसणे घालावे, कारण तळव्याची माती एका पावलात सुटत नाही, तिला तीन-चार पावले लागतात. दाराशी ठेवलेले वहीएवढे शोभेचे पायपुसणे जवळजवळ निरुपयोगी असते. उंबरठ्याच्या आत दुसरे, सुती किंवा टर्किश टॉवेलच्या कापडाचे पायपुसणे असावे. त्यासाठी जुना सोलापुरी टॉवेल चौपदरी शिवून घेतला तर विकतच्यापेक्षा चांगले काम देतो. दोन्ही पायपुसणी दर दोन-तीन दिवसांनी फाटकाबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून झटकावीत आणि त्या वेळी त्यांच्याखालची जागाही झाडावी. काथ्यातून गळालेली माती तिथेच साठते आणि पायपुसणे सरकले की घरभर होते.

अंगणात किंवा फाटकासमोर मोकळी माती असेल तर सकाळी सडा घालण्याची जुनी रीत धुळीच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. ओलाव्याने बारीक कण एकमेकांना धरून राहतात. पाण्याची टंचाई असताना त्यासाठी नवे पाणी खर्च करण्याची गरज नाही, फरशी पुसून उरलेले पाणी चालते. त्यात फिनेल असेल तर तेवढे तुळशीपासून आणि कुंड्यांपासून दूर टाकावे.

दुसरा मार्ग दारे-खिडक्यांच्या फटींचा आहे. दाराखाली बोटभर फट असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ब्रशची किंवा रबराची पट्टी लावून घ्यावी. सरकत्या खिडक्यांच्या खाचांत धुळीचा थर साचतो आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी त्यातला थोडा आत येतो. त्या खाचा जुन्या दात घासण्याच्या ब्रशने मोकळ्या करून ओल्या फडक्याने टिपल्या पाहिजेत, आणि हे काम फरशीच्या आधी झाले पाहिजे. मार्च ते मे या काळात घर पहाटेपासून सकाळी आठ-नऊपर्यंत मोकळे ठेवावे आणि दुपारी वारा सुटण्याआधी रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्याव्यात. वळवाच्या पावसाआधी जी वावटळ उठते, ती दहा मिनिटांत आठवड्याची धूळ आणून टाकते.

उन्हाळ्यात कूलर लावत असाल तर त्याकडेही पाहावे. कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि त्याचे गवताचे पॅड बारीक धूळ पूर्णपणे अडवत नाहीत. तो रस्त्याच्या किंवा मोकळ्या प्लॉटच्या बाजूला न लावता शक्य तर घराच्या मागल्या बाजूला लावावा, पॅड हंगामाच्या सुरुवातीला बदलावेत आणि टाकीतले पाणी वरचेवर बदलावे. बोअरचे पाणी कूलरमध्ये सतत उडत राहिले की क्षार दाट होत जातात आणि त्याच्या तुषारांचे पांढरे ठिपके समोरच्या टाइल्सवर पडतात. हे ठिपके धुळीचे समजून अनेक जण रोज पुसत बसतात.

आता केर काढण्याविषयी, कारण तासाभराने जाणवणाऱ्या धुळीचे मुख्य कारण माझ्या मते इथेच आहे. कोरड्या झाडूचा फटकारा बसला की जड कण पुढे सरकतात आणि हलके कण हवेत उडतात. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण छातीच्या उंचीवरून खाली यायला काही मिनिटे घेतो, पण १ मायक्रॉनच्या कणाला कित्येक तास लागतात. पंखा चालू असेल तर हिशेबच संपला. म्हणजे झाडणे आणि पुसणे एकापाठोपाठ उरकले, तर पुसताना जी धूळ हवेत होती ती पुसून झालेल्या, अजून किंचित ओल्या फरशीवर येऊन बसते आणि तिथेच वाळते. घर स्वच्छ न करता धुळीची जागा बदलली, असेच यातून घडते.

यावर उपाय असा की केर काढताना पंखे बंद असावेत, झाडू जमिनीला टेकवून हळू ओढावा, उचलून फटकारू नये, आणि केर काढणे व पुसणे यांत निदान वीस मिनिटे जाऊ द्यावीत. तेवढ्यात स्वयंपाकघरातील दुसरे एखादे काम उरकता येते. याहून चांगला उपाय म्हणजे आतल्या गुळगुळीत टाइल्सवर झाडूऐवजी मायक्रोफायबरचा सपाट कोरडा मॉप वापरावा. याचे धागे अत्यंत बारीक व चिरलेले असतात. ते घर्षणाने थोडे विद्युतभारित होतात आणि धूळ उडवण्याऐवजी धरून ठेवतात. मॉप न उचलता खोलीच्या आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे एका सलग रेषेत आणावा आणि त्याचे फडके घराबाहेर झटकून मग धुवावे. ते धुताना कपड्यांना मऊपणा आणणारे द्रव्य घालू नये आणि टॉवेलांबरोबर धुऊ नये. पहिल्याने धाग्यांवर थर चढून त्यांची धूळ धरण्याची ताकद जाते, आणि दुसऱ्याने टॉवेलची लव त्यात अडकते.

झाडूच वापरायचा असेल तर नव्या फुलझाडूबाबत एक गोष्ट सांगितली पाहिजे. गवताच्या नव्या झाडूतून कित्येक दिवस बारीक भुसा आणि कुसळे गळतात. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी किंवा झाडू आणून दुसऱ्या दिवशी तो वापरात काढला की फरशी अधिकच खराब दिसू लागते ती यामुळे. नवा झाडू आधी अंगणात पायरीच्या कडेवर चांगला आपटावा, जाड दातांच्या जुन्या कंगव्याने विंचरावा, टोके पाण्यात बुडवून झटकावीत आणि उन्हात पूर्ण वाळवून मग घरात घ्यावा. शिंदीच्या पानांची केरसुणी खरबरीत शहाबादीसाठी फुलझाडूपेक्षा चांगली, कारण ती सांध्यांमधली माती बाहेर काढते. टाइल्सवर तिचा उपयोग नाही. खराटा फक्त अंगणात वापरावा.

जमवलेला केर उंबरठ्याबाहेर व्हरांड्यात लोटून देण्याची सवय मात्र सोडावी. तो तिथून पायांबरोबर आणि वाऱ्याबरोबर परत येतो. केर तिथल्या तिथे सुपलीत भरावा आणि सुपलीच्या कडेशी जी बारीक रेघ उरते ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. या रेघेतील धूळ सर्वांत बारीक असते, आणि नेमकी तीच बहुतेकदा झाडूने इकडेतिकडे पसरवून दिली जाते.

खोलीतील कामाचा क्रम वरून खाली असावा, हे सर्वांना माहीत असते पण रोजच्या घाईत पाळले जात नाही. पंख्याच्या पात्यांवरची धूळ आठवड्यातून एकदा जुन्या उशीच्या अभ्र्यात पाते घालून ओढून घेतली, तर ती खाली न पडता अभ्र्यातच राहते. अंथरूण-पांघरूण फरशी पुसून झाल्यावर झटकले जात असेल, तर ते आधी झटकावे, आणि शक्यतो गच्चीवर. यजमानांच्या अ‍ॅलर्जीचा विचार करता त्यांच्या खोलीचा केर ते घराबाहेर असताना काढावा, केर काढणाऱ्याने नाकावर चांगला मास्क लावावा आणि चादरी व अभ्रे आठवड्यातून एकदा सुमारे ६० अंश सेल्सियस तापमानाच्या गरम पाण्यात धुवावेत, म्हणजे त्यांतील सूक्ष्म कीटकांचाही बंदोबस्त होतो. औषधोपचाराचे डॉक्टरांनाच विचारावे. व्हॅक्यूम क्लीनर घेण्याचा विचार असेल तर हेपा फिल्टर असलेलाच घ्यावा. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, तर साध्या पिशवीच्या यंत्रातून बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत फेकली जाते आणि ते यंत्र अ‍ॅलर्जीच्या माणसाला झाडूपेक्षाही वाईट ठरू शकते. टाइल्सवर वापरताना केसाळ ब्रशचे सपाट तोंड लावावे.

ज्या घरांत विड्या वळल्या जातात तिथे धूळ वेगळ्या प्रकारची असते, आणि सोलापुरात अशी घरे थोडी नाहीत. तंबाखूचा भुगा कोरड्या झाडूने कधीही झाडू नये. काम एका ठरावीक जागी, जाड प्लास्टिकच्या किंवा कापडाच्या अंथरीवर करावे, उठताना ती चारी कोपरे धरून गोळा करावी आणि खालची जागा लगेच ओल्या फडक्याने पुसावी. रांगणारे मूल जे जे बोटांना लागते ते तोंडात घालते, म्हणून तिथे ही दक्षता अधिक हवी.

पुसण्याकडे वळू. बहुतेक घरांत एक बादली, एक फडके आणि त्यात टोपणभर फिनेल अशी पद्धत असते. पहिल्या खोलीत पाणी स्वच्छ असते, दुसऱ्या खोलीत गढूळ होते आणि तिसऱ्या खोलीपासून आपण पातळ चिखलाचा हात फिरवत असतो. वाळल्यावर तो दिसत नाही, पण पायाला जाणवतो. पाणी मुबलक असते तर दर खोलीला पाणी बदला, असे सांगून मी मोकळी झाले असते. उजनी, टाकळी आणि हिप्परगा असे तीन पाणीस्रोत असूनही ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे तो सल्ला कोणी पाळणार नाही. त्यामुळे मी पाण्याऐवजी फडकी वाढवायला सांगते. खोल्या जितक्या, तितकी फडकी आणि एक जास्तीचे घ्यावे. सर्व फडकी सुरुवातीलाच चार-पाच लिटर स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळून ठेवावीत. प्रत्येक खोलीला एक फडके वापरावे आणि वापरलेले फडके बादलीत परत न बुडवता वेगळ्या घमेल्यात टाकावे. बादलीतील पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि एवढ्या पाण्यात चार खोल्यांचे घर निघते. घरकामाला मावशी येत असतील तर त्यांना नुसते समजावण्यापेक्षा पिळलेली फडकी तयार ठेवून द्यावीत. कमरेला त्रास न देणारा उभा मॉप आणि हातमोजेही द्यावेत. वाकून पुसण्याचा आग्रह धरणाऱ्या घरांत कोपरे स्वच्छ आणि मधला भाग घाईने उरकलेला, असेच मी नेहमी पाहिले आहे.

फडके कसले, हेही महत्त्वाचे आहे. पुष्कळदा धुतलेला जुना टर्किश टॉवेल उत्तम. नवा टॉवेल लव सोडतो. जुन्या चादरीचे तुकडे मात्र वापरू नयेत, कारण घट्ट विणीची चादर पाणी शोषण्याऐवजी पुढे ढकलते. फडके पिळल्यावर त्यातून थेंब गळता कामा नये, आणि पुसलेली जागा पंख्याशिवाय दोन-तीन मिनिटांत वाळली पाहिजे. जास्त वेळ लागला तर पाणी जास्त झाले आहे असे समजावे, आणि जास्त पाणी म्हणजे वाळल्यावर मागे राहणारा जास्त क्षार.

फिनेलविषयी माझे मत स्पष्ट आहे. ते जंतुनाशक आहे, धूळ काढण्याचे त्याला अंगच नाही. रोज आणि अंदाजाने ओतलेले फिनेल किंवा सुवासिक लिक्विड वाळून फरशीवर अतिशय पातळ, किंचित चिकट थर सोडते; तो रोज वाढतो, त्यावर धूळ धरली जाते आणि अनवाणी पावलाचा घाम-तेलाचा ठसा त्यावर उठून दिसतो. चकचकीत टाइलवर हे सर्वांत आधी दिसते. घरात कोणी आजारी नसताना रोजच्या फरशीला जंतुनाशकाची गरज नसते. साधे पाणी पुरते, आणि आठवड्यातून दोनदा पाच लिटर पाण्यात चहाचा एक लहान चमचा भांडी घासण्याचे सौम्य लिक्विड एवढे बस्स आहे. रांगत्या बाळाच्या दृष्टीनेही हेच हिताचे. फिनेल, विशेषतः काळे फिनेल, पोटात गेल्यास विषारी असते; ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.

तुमच्या टाइल्सवरचा थर खरोखर लिक्विडचाच आहे का, हे पडताळता येते. बैठकीतील एकच टाइल निवडावी आणि ती कोमट साध्या पाण्याने, दर वेळी नवे फडके घेऊन, तीनदा पुसून कोरड्या फडक्याने टिपावी. पाण्याला फेस आला किंवा फरशी बुळबुळीत लागली तर शंका उरत नाही. दोन दिवसांनी त्या टाइलवर ठसे कमी दिसले, तर आठवडाभर सर्व खोल्या केवळ कोमट पाण्याने पुसाव्यात. जुना थर हळूहळू उतरेल. फरक पडला नाही तर दोन शक्यता राहतात: एक म्हणजे कारखान्यात पॉलिश केलेल्या टाइल्सवर लावलेले मेण, आणि दुसरी म्हणजे फरशी बसवताना सांधे भरताना राहिलेला सिमेंटचा पुसट थर. मेण कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून मऊ ब्रशने निघते, त्यानंतर दोनदा साध्या पाण्याने पुसावे. सिमेंटच्या थराला टाइल्ससाठी मिळणारे खास सौम्य अ‍ॅसिडिक क्लीनर लागते आणि ते काम माहितगार माणसाकडून करून घ्यावे, कारण त्याने सांध्यांतील सिमेंटही झिजते. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही, म्हणून तिच्यावरचे बहुतेक डाग वरवरचेच असतात. सांधे मात्र शोषतात आणि काळे पडतात. सांधे आठवड्याला ब्रशने घासावेत, पुढेमागे खरवडून पाणी न शोषणाऱ्या इपॉक्सीने भरून घेतले तर ही कटकट जवळजवळ संपते.

पाण्याच्या निवडीने पुष्कळ फरक पडतो. बोअरच्या कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार वाळल्यावर पांढरे डाग सोडतात, आणि साबणाशी मिळून ते चिकट साका तयार करतात. आर.ओ. यंत्रातून वाया जाणारे पाणी फरशीसाठी वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पाणी वाचवण्याचा त्यामागचा हेतू चांगला असला तरी त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही दाट असतात. ते संडासात ओतायला वापरावे, चकचकीत टाइल्सवर नको. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते आणि स्वच्छ भांड्यात जमवले तर पुसायला उत्तम. तेही नसेल तर पहिला हात बोअरच्या पाण्याने आणि शेवटचा हात नळाच्या दोन लिटर पाण्याने द्यावा.

पाण्यात खडेमीठ टाकून पुसण्याची पद्धत अनेक घरांत श्रद्धेने पाळली जाते. टाइल्सवर आठवड्यातून एकदा चिमूटभर मिठाने काही बिघडणार नाही, पण शहाबादीवर मीठ नको, कारण ते दगडाच्या छिद्रांत शिरते आणि पाणी उडून गेल्यावर तिथे स्फटिक होऊन वरचा थर सुटा करते. पूर्वी फरशी चमकावी म्हणून पाण्यात रॉकेल घालत. आगीचा धोका सोडला तरी त्याच्या तेलकट थरावर धूळ अधिक बसते.

आता शहाबादीकडे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण तिला टाइलसारखे वागवल्यानेच ती बिघडते. सोलापूरहून रेल्वेने वाडीकडे जाताना कलबुर्गीच्या पुढे शहाबाद लागते. तिथला हा चुनखडीचा दगड आहे, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि तशाच चुनखडीपासून सिमेंटही बनते. कोटा, कडप्पा आणि संगमरवर याच कुळातले. अ‍ॅसिड लागले की हा दगड फसफसतो आणि विरघळतो. त्यामुळे लिंबू, व्हिनेगर, चिंचेचे पाणी आणि संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड यांपैकी काहीही त्याला लावू नये. फरशी बसवून झाल्यावर सिमेंटचे डाग काढण्यासाठी मजूर अ‍ॅसिड ओततात, आणि नव्या घरातील शहाबादी पहिल्याच दिवशी पांढुरकी पडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करण्याचा प्रयोग तर कुठल्याही फरशीवर करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

दुसरे असे की हा दगड मऊ आहे. खनिजांच्या कठीणपणाच्या १ ते १० या मोजमापात कॅल्साइट, म्हणजे या दगडातील मुख्य खनिज, ३ वर येते, बेसॉल्टपासून केलेल्या क्रश सँडमधील खनिजे साधारण ६ च्या आसपास आणि नदीच्या वाळूतील गारगोटी ७ वर. म्हणजे व्हरांड्यात पडलेली वाळू चपलेखाली रगडली गेली की फरशी प्रत्येक पावलाला थोडी झिजते, आणि झिजलेल्या भागातून दगडाचीच भुकटी सुटते. म्हणून व्हरांड्यातील केर दिवसातून दोनदा काढणे हे आतल्या खोल्या दोनदा पुसण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. दिवेलागणीनंतर झाडू नये असे घरातील मोठी माणसे म्हणत असतील, तर वाद न घालता कोरडा मॉप फिरवावा. रात्री वारा पडल्यावर धूळ खाली बसलेली असते, त्यामुळे त्या वेळचा हात वायाही जात नाही.

तुमच्या शहाबादीचा पांढुरकेपणा कशाचा आहे ते असे ओळखावे. कोरड्या ब्रशने घासल्यावर पांढरी भुकटी निघाली आणि काही दिवसांनी त्याच जागी, बहुधा सांध्यांच्या कडेला, पुन्हा आली, तर जमिनीतील ओलीबरोबर क्षार वर येत आहेत. ते पाण्याने धुतले की विरघळून परत आत जातात, म्हणून कोरडेच झाडून काढावेत आणि ओल कुठून येते ते शोधावे. बहुतेक वेळा मागच्या मोरीचा किंवा व्हरांड्याच्या कडेचा उतार चुकलेला असतो. भुकटी निघत नसेल, नखाला खरखरीत लागत असेल आणि ओले केल्यावर डाग दिसेनासा होऊन वाळल्यावर परत दिसत असेल, तर तो अ‍ॅसिडने खाल्लेला पृष्ठभाग आहे, आणि तो घासाईखेरीज सुधारत नाही. सांध्यांतील सिमेंट निघून खाचा पडल्या असतील तर त्या आधी भरून घ्याव्यात, नाहीतर तिथे साठलेली माती रोज पुसण्याच्या पाण्यात मिसळून फरशीवर रेघोट्या उठवते. खरबरीत शहाबादी मुळात फडक्याने नीट पुसली जात नाही. तिला आठवड्यातून एकदा थोड्या पाण्यात ताठ ब्रशने घासून वायपरने पाणी ओढून काढणे हीच योग्य पद्धत आहे.

मशीनने पॉलिश करून घ्यायचे असेल तर ते दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यातील वारे सुरू होण्याआधी करावे. पावसाळ्यातील ओल दगडातून गेलेली असते आणि त्यावर लावायचे सीलर, म्हणजे दगडाची छिद्रे बुजवणारे द्रव्य, नीट मुरते. घासाई पाणी सोडूनच व्हावी, कोरडी नको. तिचा राडा गटारात न ढकलता गोळा करून वाळवून टाकायला सांगावे, कारण तो गटारात थिजतो. शेवटचा हात देताना कारागीर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पांढरी पूड वापरतात. ती विषारी आहे, म्हणून त्या दिवसांत बाळाला आणि यजमानांना नातेवाइकांकडे पाठवावे आणि काम संपल्यावर फरशी दोनदा धुऊन घ्यावी. दगड पूर्ण वाळल्यावर आत मुरणारे सीलर लावावे, वर चकाकणारा थर देणारे नको, कारण तो व्हरांड्यात वाळूने वर्षभरात खरवडला जातो. सीलर लावल्यावर किमान २४ तास पाणी लागू देऊ नये. नंतर पाण्याचा थेंब टाकून पाहावा: दहा मिनिटांत त्याखालचा दगड गडद झाला तर सीलर कमी पडले आहे, आणि कारागिराचे पैसे चुकते करण्याआधी दुसरा हात मागून घ्यावा.